पाहून की आठवून

कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझ्या लेकीच्या नावासमोर छत्तीस पूर्णांक सहा लिहिलं होतं, आणि काचेच्या पेटीत तिची पोट्टी, माझी नात, गार पडत होती.

सिस्टर लंगोट बदलायला हात आत घालून होती. तिने पोट्टीचा पाय धरला, सोडला, पुन्हा धरला आणि पडद्याकडे पाहिलं. पडदा हिरवा होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक, असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी दाराशी उभी होते, चपला बाहेर काढून, तोंडाला त्यांनीच दिलेलं फडकं बांधून. पोट्टी रडत नव्हती म्हणून मला उलट बरं वाटत होतं. सिस्टरने पेटीचं झाकण उघडलं, पोट्टीला उचलून छातीशी धरलं आणि मोकळ्या हाताने पेटीचा तळ चाचपला. तळ थंड होता.

डॉक्टर आले. हीटर कधीपासून बंद आहे, त्यांनी विचारलं. कोणालाच सांगता येईना. पडदा सकाळपासून छत्तीस पूर्णांक सहाच म्हणत होता. बाकीच्या पेट्यांचे आकडेही जिथल्या तिथे होते. एकाही लेकराचा आकडा जरासुद्धा हलत नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण पडदा हिरवा असला की त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही.

"ये तो रुका हुआ है, सर," सिस्टर म्हणाली. डॉक्टरांनी पोट्टीला आईच्या अंगाशी बांधायला सांगितलं, वरून गरम दिवा लावला आणि फोनकडे गेले.

तो पडदा माझ्या घरात बनला होता. शंकर नगरच्या त्या दवाखान्यातल्या पेट्या जुन्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या शिट्ट्या कधीच्या बिघडल्या होत्या. म्हणून सगळ्या पेट्यांच्या वायरी एका कॉम्प्युटरला जोडायच्या, आकडे पडद्यावर दाखवायचे आणि आकडा घसरला की घंटी वाजवायची, असा प्रोग्राम त्यांनी करून घेतला होता. तो करणारा माझा भाडेकरू.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा चौबे कॉलनीत घरं शोधणाऱ्यांची रांग लागली. सगळ्यांना ऑफिस टाकायचं होतं. माझे यजमान रेल्वेतून रिटायर होऊन वारले होते, लेक लग्न होऊन गावातच होती, आणि पुढच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. एक साहेब अख्खं घर मागून गेला, मी नाही म्हटलं. मग हा आला. चाळिशीचा, उंच, शर्टाचं गळ्याचं बटणही लावलेलं. त्याचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून बूढापाऱ्यात, गावातल्या जुन्या वस्तीत राहिलेलं, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच पण निम्मी हिंदीत. खोल्या पाहायला आला आणि खोल्या न पाहता विचारलं, नळाला पाणी येतं का. मी म्हटलं येतं.

"पाहून सांगता का आठवून सांगता, काकू?"

मी नळ सोडला. पाणी नव्हतं. त्याने मान हलवली आणि खोल्या घेतल्या. त्याला पाणी नको होतं, खरं उत्तर हवं होतं, हे मला पुढे कळलं. त्या वेळी मला तो बिनडोक वाटला.

मी त्याला तोंडावर तुम्ही म्हणायची आणि पाठीमागे तो. इथेही तोच ठेवते.

ते एक वाक्य त्याने सगळ्या गल्लीला विचारून झालं होतं. दूधवाला म्हणाला दूध ताजं आहे, की हा विचारायचा. शेजारच्या वकिलांचा गडी म्हणाला साहेब घरात नाहीत, की हा विचारायचा. कॉलनीतली पोरं त्याच्या मागून चालत एकमेकांना विचारायची, "तुझं नाव काय? पाहून सांगतो का आठवून?" त्याला राग येत नसे. एकदा त्याने थांबून एका पोराला शाबासकी दिली आणि वर सांगितलं की नावाच्या बाबतीत आठवून चालतं, ते बदलत नाही.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून तो विचारायचा, गॅस बंद केला का. मी म्हणायची, केला. मग तेच वाक्य. मी उठायची, पाहायची. इतक्या वर्षांत गॅस एकदाही चालू सापडला नाही. हे मी त्याला ऐकवलं तेव्हा म्हणाला की मग आता आपल्याला ते माहीत आहे.

पाहुणा येणार असला की तो चौकशीला फोन करत नसे. स्टेशनात जाऊन फलाटाच्या टोकापर्यंत चालायचा आणि सिग्नल डोळ्यांनी पाहायचा. माझे यजमान असते तर त्यांनी त्याला घरात ठेवलं नसतं, कारण चौकशीच्या खिडकीमागे ते स्वतः बसलेले होते.

रोज सकाळी बूढापाऱ्यात आईला पाहून मगच ऑफिसात यायचा. मी म्हटलं, फोन करत जा, पेट्रोल वाचेल.

"फोनवर आई बरी हाये म्हणते," तो म्हणाला. "काल बरी होती म्हणून म्हणते, काकू. आज पाहून थोडीच म्हणते."

त्याची दुसरी तऱ्हा याच्या उलट होती आणि ती समजायला मला वेळ लागला. लांबची वस्तू तो एकदाच आणायचा आणि साठवून ठेवायचा. नागपूरला गेला की मसाल्याचा मोठा डबा आणायचा आणि तो संपेपर्यंत इथल्या बाजारात मसाला पाहायचासुद्धा नाही. घरातल्या वस्तूची मात्र घरात दुसरी जागा त्याला खपत नसे. माझ्या शेगडीजवळ मिठाची लहान बरणी आणि कोठीत मोठी, हे पाहून तो अस्वस्थ झाला.

"एकाच घरात मिठाच्या दोन जागा काहून?"

"मले कोठीत जाऊन वाकाले होत नाही म्हणून."

त्याने विचार केला. "तुमच्यासाठी कोठी दूर पडते तर बरोबर हाये," म्हणाला. "पण लहान बरणीत जुनं मीठ अन कोठीत नवं, असं झालं तर?"

मी म्हटलं, मिठाला काही होत नाही. तो म्हणाला, मिठाला होत नाही, ते खरं आहे. मग गेला. एका बरणीसाठी माणूस इतका वेळ उभा राहतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

कोठीत त्याचाही एक कॉम्प्युटर होता. पुढच्या खोल्या उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापायच्या. कोठी उत्तरेला, तिथे माझे तांदळाचे पिंप, गव्हाची टाकी. त्यांच्यामध्ये त्याने आपला जुना कॉम्प्युटर ठेवला, कारण घरातली सगळ्यात थंड जागा तीच. त्यात त्याच्या प्रत्येक प्रोग्रामची जपून ठेवायची सामग्री असायची. कोठीपासून पुढच्या खोलीपर्यंत आंगणावरून एक वायर गेली होती, धुणं वाळत घालायच्या दोरीच्या वरून. पावसात ओली व्हायची, उन्हाने तडकायची, खारी तिच्यावरून पळायच्या, आणि त्या वायरीतून काहीही यायला उशीर लागायचा.

ती सामग्री काय, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. मी चौथी शिकलेली, पण माझ्या कोठीत काय ठेवलं आहे ते मला कळायला हवं. तो पिंपावर टेकून सांगायला लागला. प्रोग्राम कुठे अडकला की त्या जागेचा पंचनामा करता येतो. पण पंचनाम्यात नावं नसतात, नुसते घरांचे नंबर असतात. कोणत्या नंबरात कोण राहतं हे सांगणारी फाईल वेगळी. ती नसेल तर पंचनामा म्हणजे नुसती आकड्यांची रास.

"अन ती त्याच वेळची पायजे," तो म्हणाला. "राजधानी झाल्यावर तुमच्या गल्लीचे नंबर बदलले, तेव्हा काय झालं?"

पोस्टमनने माझी पत्रं कितीतरी दिवस त्या वकिलांकडे टाकली होती. तेच झालं होतं. मला समजलं.

त्याच्या हाताखाली साहू नावाची एक पोट्टी होती, धमतरीकडची, हुशार आणि तोंडाने तिखट. मराठी तिला सगळी समजायची, उत्तर हिंदीत यायचं. या फायलींवरून त्या दोघांची कायमची कुरबुर होती. काही फायली परदेशातल्या कंपन्यांच्या असत, त्या इंटरनेटवरून उतरवायला दुपार जायची. त्या एकदा आणायच्या आणि पुढच्या कॉम्प्युटरवर साठवून ठेवायच्या, यावर दोघांचं एकमत होतं. त्या साठवणीला ते कॅश म्हणत, पैशाशी त्याचा संबंध नाही. भांडण होतं ते स्वतःच्या फायलींवर. त्याचं म्हणणं, आपल्या फायली घरातच कोठीत आहेत, त्या तिथूनच वाचायच्या, त्यांची पुन्हा साठवण करायची नाही. साहूचं म्हणणं, कोठी घरात असली तरी वायर रडकी आहे.

"सर, आँगन पार करने में फाइल को इतना टाइम लगता है कि मैं चाय पी के कप धो लेती हूँ."

"मला इतका वेळ लागत नाही," तो म्हणायचा आणि उठून आंगण ओलांडून कोठीत जाऊन बसायचा. साहू मागून कपाळाला हात लावायची. तो कोठीत असला की मला तांदूळ काढायला जाता येत नसे, तो दारात पाय पसरून बसायचा. मी साहूच्या बाजूची होते. तिने त्याला न विचारता पुढचा कॉम्प्युटर असा लावून ठेवला होता की कोठीतली फाईलसुद्धा एकदा आणली की तिच्याकडे राहील, आणि पुढच्या वेळी तिथूनच उघडेल. काम भरभर व्हायचं. त्याला माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. तो स्वतः तिच्या कॉम्प्युटरवर कधी बसतच नसे.

हे सगळं असं चाललेलं असताना लेकीचे दिवस भरायच्या आत पोट्टी झाली आणि तिला पेटीत ठेवावं लागलं. पडदा आपल्या घरचा आहे म्हणून मला धीर वाटला होता, तेवढं लिहून ठेवते.

त्या सकाळी डॉक्टरांनी फोन केला तेव्हा साहू स्कूटीवर लगेच आली. तो फोनवर तिला एकच सांगत होता म्हणे, की कोणालाही कॉम्प्युटर बंद करू देऊ नको, आधी पंचनामा घे. तिने तो पेन ड्राइव्हमध्ये घेतला आणि परत गेली. मग दवाखान्यात ती बिघडलेली पेटी बाजूला काढली आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. आकडे हलायला लागले, पण आता त्यांच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. डॉक्टरांनी फर्मान काढलं की प्रोग्राम दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक पेटीत हात घालून पाहायचं. ते तरी कुठवर करणार. दर वेळी पेटी उघडली की आतली ऊब बाहेर जाते आणि हाताबरोबर जंतू आत जातात. असं करावं लागू नये म्हणूनच तर पडदा होता. सिस्टर एकटी, दुसरी रजेवर. दुसऱ्या दवाखान्यांतून शिट्टी चालणाऱ्या पेट्या विचारून झाल्या, कुठेच रिकामी नव्हती. आमच्या पोट्टीला इथल्याच एका रिकाम्या, चालू पेटीत घातलं. संध्याकाळपर्यंत कसं तरी निभावू, पुढे सांगता येत नाही, असं डॉक्टर जावयाला म्हणाले. लेकीला हे आम्ही सांगितलं नाही.

जावयाला तिथे ठेवून मी ऑटोने घरी आले. लेकीचे कपडे न्यायचे होते आणि याला चार शब्द सुनवायचे होते. तो आंगणातच उभा होता.

"तुमच्या पडद्यानं माझी नात मारली असती," मी म्हटलं.

"आता कशी हाये?"

"अंगात ऊब येऊन राहिली."

"पाहून सांगता का आठवून सांगता?"

हातातली पिशवी मी खाली ठेवली, नाहीतर ती त्याच्या तोंडावर बसली असती. "पाहून," मी म्हटलं. "पाय हातात धरून आली."

"हव," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला. तेव्हा मला समजलं की तो मला डिवचत नव्हता. त्याला पोट्टीची खबर हवी होती, आणि ती मागायची त्याच्याकडे दुसरी रीत नव्हती.

पुढच्या खोलीत साहूने पंचनामा उघडला होता. तिचा आवाज आला, "सर, नाम आ गया." कागद छापणाऱ्या भागात प्रोग्राम अडकला आहे, असं तिच्या पडद्यावर नावानिशी लिहून आलं होतं. दवाखान्यात रोज सकाळी प्रत्येक बाळाचा कागद छापत, तिथेच घोळ झाला असणार. तो भाग बंद करून टाकायचा, नवा प्रोग्राम नेऊन लावायचा, काम फत्ते. डॉक्टरांना तिने फोनवर सांगूनही टाकलं. त्यांनी ताबडतोब या म्हणून सांगितलं. साहू स्कूटीची किल्ली शोधत होती.

तो दारात उभा राहून तिच्या पडद्याकडे पाहत होता. "हे नाव कुठल्या फाईलमधून आलं?"

"हमारी ही फाइल है, सर."

"कोठीतली का इथली?"

ती म्हणाली की इथे साठवलेली आहे, पण ती कोठीतूनच आलेली आहे, एकच गोष्ट आहे.

"किल्ली ठेव," तो म्हणाला.

मी मध्ये पडले. मी म्हटलं, डॉक्टर वाट पाहून राहिले, सिस्टर एकटी हाये, पोट्टी पेटीत हाये, नाव सापडलं तर लावून टाका, मग बसा तुमचं पाहत. साहूलाही तेच वाटत होतं. फोन पुन्हा वाजला, डॉक्टरांचाच. त्याने उचलला आणि सांगितलं की अजून झालं नाही, झालं की येतो, आणि तोवर हात घालून पाहत राहा. पलीकडून मोठा आवाज आला. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"चुकीची जागा दुरुस्त केली तर पडदा पुन्हा हिरवा होईल, काकू," तो म्हणाला. "अन पुन्हा त्यावर सगळे भरोसा ठेवतील. त्याच्यापेक्षा आज हात घालून राहिले ते बरं."

साहूच्या कॉम्प्युटरमधून पेन ड्राइव्ह काढून तो आंगण ओलांडून कोठीत गेला. मी मागे गेले. कपडे घ्यायचे राहिले होते, ते राहू दिले. तो स्टुलावर बसला, मी गव्हाच्या टाकीवर. साहू दारात. जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ घेत होता. मग त्याने पंचनामा उघडला, समोरच्याच डिस्कमधली फाईल त्याला लावली, आणि थोड्या वेळाने खुर्ची असती तर मागे रेलला असता तसा मागे झाला. स्टूल होतं, म्हणून तांदळाच्या पिंपावर आदळला.

तिथे दुसरंच नाव होतं.

साहूने वाकून वाचलं. छापण्याचा काही संबंध नव्हता. प्रोग्राम अडकला होता तो पेट्यांचे आकडे आणणाऱ्या भागात. हीटर बंद पडलेल्या आमच्या पोट्टीच्या पेटीची आकड्यांची वायरही मागे ढिली झाली होती, तिकडून उत्तर येईना, आणि तो भाग उत्तराची वाट पाहत तिथेच बसून राहिला. एका पेटीपायी बाकीच्या पेट्यांचेही आकडे आणायचे राहून गेले.

मग साहूच्या पडद्यावर भलतं नाव कसं आलं? ते तिनेच शोधलं, तिथे उभ्या उभ्या, आणि तिचं तिखट तोंड उतरलं. पंचनाम्यावर एक खूण असते, फाईलवर तीच खूण असते, दोन्ही जुळल्या तरच फाईल उघडायची असा नियम. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या कामात घाई होती तेव्हा तिने आपल्या कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं की खूण जुळली नाही तरी उघड. ते तसंच राहिलं. दवाखान्याचा प्रोग्राम मधल्या काळात बदलला होता, फाईलचं नाव तेच, आतले नंबर नवे. तिच्या साठवणीत जुनी फाईल पडून होती. नाव सारखं दिसलं, कॉम्प्युटरने ती उचलली आणि कोठीकडे कोणी विचारायला गेलंच नाही.

मला वाटलं आता हा तिला सोलून काढेल. मी काढलं असतं. तो म्हणाला, "दूर था, इसलिए पास में रखा, वो ठीक है. बिना मिलाए खोला, वो ठीक नहीं. आता बस, लिहाले घे." एवढंच. ती त्याच्या शेजारी पिंपावर बसली.

पण त्याचं पाहणं संपलं नव्हतं. तो तसाच त्या नावाकडे पाहत होता. मी विचारलं, आता काय राहिलं. वायर ढिली झाली, उत्तर आलं नाही, हे समजलं. मग पडद्यावर छत्तीस पूर्णांक सहा कोण लिहीत होतं?

तो म्हणाला, "मीच."

नवा आकडा आला नाही तर शेवटचा आकडा दाखवत राहायचं, असं त्या प्रोग्राममध्ये होतं आणि ते त्याच्या हातचं होतं. सगळ्या गल्लीला पाहून का आठवून विचारणाऱ्या माणसाचा पडदा सकाळभर आठवून सांगत बसला होता. मी हे त्याला बोलून दाखवलं. मी गप्प राहणारी नाही. त्याने मान हलवली.

दुपार उतरायला लागली तेव्हा दोघांचं लिहून झालं. आकडा वेळेत आला नाही तर पडद्यावरची ती जागा कोरी करायची आणि घंटी वाजवायची. एक पेटी बोलत नसेल तर तिला सोडून पुढच्या पेटीकडे जायचं. साहूने स्कूटी काढली, तो आणि मी ऑटोत.

डॉक्टर आपल्या खोलीत होते, जावई तिथेच. डॉक्टरांनी विचारलं की सकाळी तुमच्याकडची मुलगी सांगत होती ते छापण्याचं काय झालं. तो उभ्यानेच म्हणाला की ते चूक होतं. खरी चूक अशी की आकडा येत नसताना प्रोग्राम जुना आकडा दाखवत राहिला, आणि तसं त्याने स्वतः लिहिलं होतं. जावई उठून उभा राहिला. डॉक्टर टेबलावरचं पेपरवेट फिरवत राहिले आणि काही बोलले नाहीत. बोलले नाहीत याचं कारण साहूने मला नंतर सांगितलं. सुरुवातीला वायर जरा हलली तरी पडदा कोरा व्हायचा आणि घंटी वाजायची, त्याने आईबाप घाबरतात, दवाखान्याचं नाव खराब होतं, काहीतरी दाखवत राहा, असं डॉक्टरांनीच त्याला बजावलं होतं. तो पहिल्यांदा नाही म्हणाला होता, मग मानला. त्या खोलीत त्याने हे काढलं नाही. डॉक्टरांनीही काढलं नाही. मला विचाराल तर दोघांनी बोलायला हवं होतं.

नवा प्रोग्राम लावला. डॉक्टर म्हणाले झालं. तो म्हणाला, नाही झालं. त्याने एका रिकाम्या केलेल्या पेटीची वायर सिस्टरला काढायला लावली. पडद्यावर जागा कोरी झाली आणि घंटी अशी वाजली की पलीकडच्या खोलीतली एक म्हातारी उठून दारात आली. मग दुसऱ्या पेटीची, मग तिसऱ्या. दर वेळी आतल्या लेकराच्या पायाला सिस्टरचा हात, आणि बाहेर याचा डोळा पडद्यावर. डॉक्टर वैतागले. एकदा वाजली म्हणजे वाजते, असं ते म्हणाले.

"ते तुम्ही आठवून म्हणता," तो म्हणाला.

सगळ्या पेट्या झाल्यावरच तो बाहेर बाकावर येऊन बसला. मी त्याला पाणी दिलं. त्याने विचारलं, पोट्टी कशी आहे. मी आत गेले, हात धुतले, सिस्टरच्या परवानगीने एक बोट तिच्या तळपायाला लावलं आणि परत येऊन सांगितलं, गरम आहे. त्याने मला काही विचारलं नाही.

पुढे आई गेल्यावर त्याने ऑफिस आवरलं आणि बहिणीकडे दुसऱ्या शहरात गेला. साहूचं स्वतःचं ऑफिस आहे, शंकर नगरातच. तिच्याकडेही साठवण आहे, भरपूर आहे, पण खूण जुळल्याशिवाय काही उघडत नाही, असं ती सांगते. तो जुना कॉम्प्युटर तिने नेला. कोठीत आता माझे पिंपच आहेत.

त्या दिवशी त्या खोलीत चार लेकरं होती. आमच्या शेजारच्या पेटीतला मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. तो जन्मतःच कमजोर होता, त्यात पडद्याचा दोष नव्हता, तेव्हा सगळी पाहत होती आणि घंटीही वाजली होती. दोघं आपापल्या घरी गेली, एक महासमुंदला, एक इथेच. आमची पोट्टी जगली.